पुढचं माहितीये मला

"पुढचं माहितीये मला," असं म्हणून त्या उजव्या हाताचा तळवा समोरच्यापुढे धरायच्या, चौकातल्या पोलिसासारखा. बोलणारा जागच्या जागी थांबायचा. मग त्याचं उरलेलं वाक्य त्या स्वतःच पूर्ण करायच्या, वर त्याला उत्तर देऊन मोकळ्याही व्हायच्या.

अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. एखादी आत्या, एखादे हेडक्लार्क. त्यांच्याशी बोलायला गेलं की आपण आपल्याच वाक्यात पाहुणे असतो. पण आमच्या बाईंची गोष्ट जरा वेगळी होती. त्यांचं बहुतेक वेळा बरोबर निघायचं, आणि त्यामुळे त्यांच्यावर धड चिडताही यायचं नाही.

ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये आमची कंपनी. हॉस्पिटलात पेशंटच्या उशाशी जे मॉनिटर असतात, हिरवी-पिवळी रेघ उड्या मारत जाते ते, त्यांच्या आतला प्रोग्रॅम आम्ही लिहितो. म्हणजे इतर लिहितात. मी टेस्टिंगवाला. दुसऱ्यांनी केलेलं मोडून दाखवणं हे माझं काम, आणि या कामात माणूस लोकप्रिय होत नाही. बाई सगळ्यांत जुन्या. कंपनी दोन खोल्यांत होती तेव्हापासूनच्या. डोंबिवलीहून यायच्या, सुती साडी, पायांत स्पोर्ट्स शूज, आणि अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. त्या पेन्सिलीने त्यांना कुणी फारसं लिहिताना पाहिलं नव्हतं. तरी ती रोज असायची.

कँटीनच्या मावशी दारात येऊन म्हणायच्या, "मॅडम, आज दूध..."

"नासलं. पुढचं माहितीये मला. बिनदुधाचा कर, लिंबू पिळ."

मावशी परत. एक शब्द वाचला म्हणून त्या खूश असायच्या.

एकदा आमच्यातला एक जण रजा मागायला गेला. "मॅडम, माझ्या सासऱ्यांचं..." एवढंच तो बोलला. बाईंनी तळवा धरला. "वाईट झालं. काही बोलू नकोस. जा तू, चार दिवस जा, इथलं मी बघते." त्याच्या सासऱ्यांची पंचाहत्तरी होती. तो निमूटपणे चार दिवस जाऊन आला आणि पेढे त्याने आम्हाला जिन्यात बोलावून वाटले. गोष्ट फुटलीच. बाईंच्या कानावर गेली तेव्हा त्या मनापासून हसल्या. "एक चुकलं. बाकीची शंभर?" असं म्हणाल्या. आम्हीही हसलो. तेव्हा त्यात हसण्यासारखंच होतं.

बाईंचं खरं राज्य मात्र वेगळ्या ठिकाणी होतं, आणि ते सांगायचं तर थोडं आमच्या धंद्यातलं सांगावं लागेल. घाबरू नका, थोडंच.

प्रोग्रॅम लिहिणारा प्रत्येक कामाला एक नाव देतो. वाचता येईल असं, साधं. पण ते मशीनच्या भाषेत जातं तेव्हा मधला दुभाषी, म्हणजे कंपायलर, त्या नावाचं गाठोडं बांधतो. हे काम कुठल्या गटातलं, त्याचं नाव काय, त्याला कायकाय सामान लागतं, सगळं एका ओळीत कोंबून, मध्ये श्वास घ्यायला जागा न ठेवता. प्रत्येक नावाच्या आधी तो एक आकडा मात्र घालतो. पुढची इतकी अक्षरं या नावाची, एवढंच तो आकडा सांगतो. प्रोग्रॅम कोसळला की मागे अशा गाठोड्यांची उतरंड राहते. याने त्याला बोलावलं, त्याने आणखी कुणाला, आणि अगदी वरच्या मडक्यापाशी सगळं फुटलं. ते वरचं मडकं कुणाचं, हे कळायला गाठोडं सोडावं लागतं.

तरुणपणी बाई हे नुसत्या डोळ्यांनी वाचायच्या. पेन्सिलीचं टोक पडद्यावर टेकवून, अक्षरं मोजत, तांदूळ निवडावेत तसं. पुढे कामं वाढली आणि त्यांनी त्यासाठी एक टूल लिहिलं. इकडून गाठोडी घाला, तिकडून स्वच्छ नावं बाहेर. असली टूलं बाजारात फुकट मिळतात, पण बाईंच्या टूलमध्ये एक जास्तीची सोय होती. आमच्या मॉनिटरमध्ये कोसळल्याची नोंद ठेवायला जागा कमी, त्यामुळे लांब नावांची शेपटी तुटायची. बाजारातली टूलं अशा तुटक्या नावाला हात लावत नाहीत, जसंच्या तसं परत देतात. बाईंचं टूल ते नाव पूर्ण करून द्यायचं. आमच्या प्रोग्रॅममधल्या सगळ्या नावांत शोधायचं, तशी सुरुवात असलेलं जे पहिलं सापडेल ते बसवायचं, आणि तसं केल्याचं सांगायचंही नाही.

आता मागे वळून बघताना वाटतं, बाईंनी टूल लिहिलं म्हणजे दुसरं काय केलं? स्वतःचाच स्वभाव लिहून ठेवला. पण तेव्हा हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. वर्षानुवर्षं ते टूल बरोबर नावं देत राहिलं आणि "बाईंचं टूल चुकत नाही" हे आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगितलं जायचं.

मानसीलाही तसंच सांगितलं होतं. मानसी दिव्याची, दिवा स्टेशनजवळ राहणारी. कॉलेज संपवून आलेली, अजून कायम न झालेली. बोलताना शब्द शोधायची सवय. वाक्य सुरू करायची आणि मध्ये थांबून वर छताकडे बघायची. बाईंसमोर अशा मुलीचं काय होत असेल ते तुम्हीच ताडा. तिची वाक्यं बाई इतक्या पूर्ण करायच्या की पुढे पुढे ती फक्त "मॅडम" म्हणून उभी राहायची.

एका हॉस्पिटलात आमचा मॉनिटर भर दुपारी बंद पडला. आपोआप परत चालू झाला, पण मधल्या वेळात पेशंटचा श्वास अडखळला होता आणि अलार्म वाजला नाही. शेजारच्या खाटेपाशी उभ्या असलेल्या नर्सचं लक्ष गेलं म्हणून पेशंट वाचला. आमच्या साहेबांचा चेहरा त्या दिवशी पांढरा पडला होता. हॉस्पिटलने एकच विचारलं होतं, हे कोणामुळे झालं?

बैठकीत बाईंनी टूल चालवलं. उतरंडीच्या वरचं नाव पडद्यावर आलं: 'अपडेट बेडसाइड अलार्म लिमिट'. अलार्म कुठल्या मर्यादेला वाजावा ते बदलण्याचं काम. ते नुकतंच मानसीने लिहिलं होतं.

सगळ्यांचे डोळे तिच्याकडे. मानसी उठली, पडद्याजवळ गेली. टूलच्या नावाखाली मूळ गाठोडं बारीक अक्षरात दिसत होतं, त्याच्याकडे ती बघत राहिली. मग वळून म्हणाली, "मॅडम, पण हा आकडा..."

बाईंचा तळवा वर गेला. "पुढचं माहितीये मला. आकडा नको बघूस. नाव बघ. नाव तुझं आहे ना?"

"हो, पण..."

"मग झालं."

बाई दुष्ट नव्हत्या. हे मुद्दाम सांगतो, कारण इथे वाचणाऱ्याचा राग त्यांच्यावर जाईल. त्यांना वाटलं, पोर घाबरली आहे, सबब शोधते आहे, लवकर आटपलं तर तिचीच सुटका होईल. पण हॉस्पिटलला अहवाल गेला, त्यात दोष या कामाचा असं लिहिलं गेलं, आणि साहेबांनी मानसीला बोलावून "तू स्वतःहून सोडलंस तर तुझ्यासाठी चांगलं" असं समजावलं. तिने त्याच संध्याकाळी राजीनामा दिला. टेबलावरचं मनीप्लांटचं बाटलीतलं रोप तेवढं राहिलं. त्याला बाईच पाणी घालायच्या.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका हॉस्पिटलातून तसंच कोसळल्याची नोंद आली. या वेळी पेशंट वगैरे कुणी नव्हतं, नुसताच मॉनिटर चालू ठेवलेला. मी टूल चालवलं. वरचं नाव तेच: 'अपडेट बेडसाइड अलार्म लिमिट'. मी ती नोंद कागदावर छापून घेऊन बाईंच्या टेबलाशी गेलो.

"मॅडम, या मशीनवर..."

"पुढचं मा..."

आणि बाई थांबल्या. तळवा अर्धा वर आलेला, तसाच. माझ्या हातातल्या कागदावर मशीनचा प्रकार छापलेला असतो, तो त्यांना दिसला होता. या हॉस्पिटलात आमचा जुना प्रोग्रॅम होता. मानसी कंपनीत यायच्या आधीचा. तिचं काम त्या मशीनवर पोचलेलंच नव्हतं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला माझं वाक्य मिळालं होतं, आणि मला ते पूर्ण करवेना.

बाईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढली. टूल बंद केलं. मूळ गाठोडं उघडलं आणि पडद्यावर टोक टेकवून अक्षरं मोजायला लागल्या. गाठोड्यातला आकडा म्हणत होता, नाव बावीस अक्षरांचं. पुढे फक्त वीसच होती, 'अलार्म'नंतर दोन अक्षरं येऊन नाव तुटलेलं. मानसीच्या कामाचं नाव इंग्रजीत लिहिलं तर तेवीस अक्षरांचं होतं. बाईंनी पुन्हा मोजलं. तेवीसच. मग त्यांनी जुन्या प्रोग्रॅममध्ये शोधलं. तिथे 'अपडेट बेडसाइड अलार्म लिस्ट' नावाचं एक काम होतं, नव्या प्रोग्रॅममध्येही तसंच आलेलं. अलार्मची यादी ताजी करणारं, तशीच सुरुवात असलेलं, बरोबर बावीस अक्षरांचं. ते लिहिणारा केव्हाच परदेशात गेला होता आणि आमच्यातल्या कुणाला त्याचं आडनावही आठवत नव्हतं. चूक त्याच्यात होती. टूलला यादीत आधी 'लिमिट' दिसलं, त्याने ते बसवून दिलं होतं.

"तिला आकडा दिसला होता," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी. ती तेच सांगत होती."

बाई बराच वेळ त्या मनीप्लांटकडे बघत बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही.

साहेबांचं म्हणणं पडलं, आता गुपचूप दुरुस्ती करू, नवा अहवाल कशाला, झालं ते झालं. बाईंची निवृत्ती जवळ आली होती. त्यानंतर सल्लागार म्हणून त्यांना ठेवायचं जवळपास ठरलं होतं आणि त्यांना ते मनापासून हवं होतं. घरी बसून मी काय करू, असं त्या नेहमी म्हणायच्या. तरी त्यांनी नवा अहवाल लिहिला. नाव चुकीचं वाचलं गेलं, ते टूल मी लिहिलेलं आहे, मानसीच्या कामात दोष नव्हता, असं सरळ लिहून खाली स्वतःची सही केली आणि साहेबांसमोर ठेवला. "हा गेला नाही तर मी स्वतः त्या हॉस्पिटलात जाऊन सांगेन," म्हणाल्या. तो गेला. सल्लागाराचा विषय मात्र पुन्हा कुणी काढला नाही.

पण बाईंच्या मते हे काम अर्धंच झालं होतं. रविवारी त्यांनी मला फोन केला. "दिव्याला जायचंय. तू शहाडहून निघ, मी दिवा स्टेशनवर थांबते."

"मॅडम, फोन केला तर..." मी म्हणालो आणि सवयीने गप्प झालो.

पलीकडून काही आलं नाही. मी वाट पाहिली. त्या वाट पाहत होत्या. शेवटी मलाच वाक्य पूर्ण करावं लागलं, "फोन केला तर नाही का चालणार?"

"नाही," बाई म्हणाल्या.

मानसीचं घर चौथ्या मजल्यावर. लिफ्टचा खड्डा होता, लिफ्ट नव्हती. नेमकं पाणी आलेलं होतं. दारापासून मोरीपर्यंत ड्रम, बादल्या, कळशा, आणि मानसीची आई हातात पाइप धरून उभी. आम्हाला पाहून तिचा चेहरा उतरला.

"ऑफिसातून आलात? काय झालं बाई? परत काय केलं का पोरीने?"

"नाही हो," बाई म्हणाल्या. "तिने काही नाही केलं. मी केलं."

मानसी आतून आली. कोपरापर्यंत ओली. बाईंनी इकडचं तिकडचं काही केलं नाही. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "मानसी, त्या दिवशी तू आकड्याबद्दल काहीतरी सांगत होतीस. मी तुला बोलू दिलं नाही. ते आता सांग."

"जाऊ दे ना मॅडम. झालं ते..."

"सांग. सगळं सांग."

मानसी छताकडे बघायला लागली. मी बाईंकडे बघत होतो. त्यांचा उजवा हात दोनदा हलला आणि दोन्ही वेळा त्यांनी तो डाव्या हाताने धरून ठेवला.

"तो आकडा बावीस होता," मानसी म्हणाली. थांबली. पाइपमधलं पाणी वाहत होतं. "आणि माझ्या नावाला तेवीस लागतात. मी ते नाव ठेवताना खूप विचार केलेला, म्हणून मला पाठ होतं. मी बोलणार होते की हे माझं नसेल. पण तुम्ही बोललात नाव बघ, तर मी बघितलं, तर नाव माझंच होतं. मग घरी आल्यावर..." ती पुन्हा थांबली. या वेळी खूप वेळ. ड्रम भरून पाणी लादीवर आलं, तिची आईसुद्धा पाइप हलवायची विसरली. "घरी आल्यावर मलाच वाटायला लागलं, मीच केलं असेल. टूल चुकत नाही ना मॅडम, सगळे बोलतात. तो पेशंट गेला असता तर माझ्यामुळे गेला असता, हेच डोक्यात. मला झोप नाही लागायची. रोज तेच."

ती बोलायची थांबली तरी बाई आणखी थोडा वेळ थांबल्या. तिचं खरंच संपलं आहे ना, याची त्यांना खात्री करून घ्यायची असावी. मग म्हणाल्या, "तू बरोबर होतीस. मी चुकले. माझं टूल चुकलं. तो पेशंट तुझ्यामुळे आजारी पडला नव्हता आणि तुझ्यामुळे मेलाही नसता. हे मी लिहून दिलंय." आणि मग, सगळं आयुष्य दुसऱ्यांची वाक्यं पूर्ण करण्यात गेलेल्या त्या बाईंना पुढचा शब्द सापडेना. मानसीने त्यांचा हात धरला. आईने लादीवरचं पाणी काढायला झाडू घेतला, बाईंनीही पदर खोचला. आम्ही चौघांनी मिळून ती खोली कोरडी केली, आणि चहा पिऊन निघालो.

मानसी परत आली. लगेच नाही, आणि साहेबांनी फार आढेवेढे घेतल्यावर. बाईंनी निवृत्तीपूर्वीचे शेवटचे दिवस तिला शेजारी बसवून ते टूल पुन्हा लिहिण्यात घालवले. आता शेपटी तुटलेलं नाव आलं की टूल जेवढं दिसतं तेवढंच दाखवतं आणि त्यापुढे एक ओळ छापतं: 'पुढचं माहीत नाही.' मराठीत, फक्त लिपी इंग्रजी. परदेशातल्या एका गिऱ्हाइकाने हा कुठला नवा एरर आहे, अशी लेखी विचारणा केली होती. मानसीने त्यांना अर्थ कळवला, ओळ बदलली नाही.

बाई मात्र बदलल्या. कँटीनच्या मावशी "मॅडम, आज दूध..." म्हणून थांबायच्या आणि बाई हनुवटीखाली हात घेऊन ऐकत राहायच्या. मावशींची पंचाईत व्हायची, कारण पुढचं बोलायची त्यांना सवयच राहिली नव्हती. डोंबिवलीला बाईंच्या घरी गेलो तेव्हा त्यांच्या यजमानांनी माझ्याकडे तक्रार केली. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, शांत. लग्नापासून त्यांनी एकही वाक्य शेवटपर्यंत नेलं नव्हतं. "हिला काय झालंय हो? मला अर्ध्यावर सोडून देते. बसते नुसती बघत." बाई स्वयंपाकघरातून हसल्या. "येतं हो तुम्हाला. हळूहळू येईल."

तीन-चार वर्षं त्यांची तशी मजेत गेली म्हणायची. मानसी रविवारी जायची त्यांच्याकडे, अधूनमधून मीही. मग त्या आजारी पडल्या. पोटाचं काहीतरी, असं आधी कळलं. मी गेलो तेव्हा त्या खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. अंबाडा राहिला नव्हता, पेन्सिल उशाशी होती. मी यजमानांना विचारलं, डॉक्टर काय म्हणाले?

"डॉक्टर म्हणाले की..." त्यांनी सुरुवात केली. सवयीने बायकोकडे पाहिलं. बाई थांबल्या. पूर्वीच्या असत्या तर एका दमात सगळं सांगून मोकळ्या झाल्या असत्या. त्या थांबल्या, नवऱ्याकडे बघत, हातात हात घेऊन. यजमानांना काही ते वाक्य पुरं करवलं नाही. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"पुढचं माहीत नाही," बाई शेवटी म्हणाल्या, अगदी सावकाश. आणि मला म्हणाल्या, "बस ना. चहा घे."

श्रावणातल्या एका सकाळी मी ऑफिसला निघायच्या तयारीत होतो आणि फोन वाजला. मानसीचा. एवढ्या सकाळी ती कधी फोन करत नाही.

"सर," ती म्हणाली. "मॅडम..."

आणि तिला पुढचं बोलता येईना. मला पुढचं माहीत होतं. तिलाही ठाऊक होतं की मला माहीत आहे. बायको दारातून खुणेने विचारत होती, काय झालं. मी फोन कानाला धरून तसाच उभा राहिलो, काही बोललो नाही. तिला हवा तेवढा वेळ घेऊन मानसीने ते वाक्य पूर्ण केलं.